कानमुशीची लेक नव्हे मी

मी मोरी बोलतेय. हसू नका. नहाणीतली नव्हे, दर्यातली मोरी. मुशीच्या जातीची, हातभर लांबीची, काळी. म्हैसुरात नजरबादेला एका सरकारी बंगल्यात प्राण्यांचं संग्रहालय आहे. त्याच्या दुसऱ्या दालनात, खिडकीपासून लांबच्या फळीवर, स्पिरिटच्या बरणीत मी उभी आहे. तोंड वर, शेपूट खाली. झोपायची सोय नाही.

समुद्रापासून इतक्या लांब, चामुंडीच्या डोंगराशेजारी मी कशी आले ते सांगतेच. पण आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. मी जळकी आहे. माझ्या अंगाचा रोज तिळपापड होतो. आणि जिच्यामुळे होतो ती बया समोरच आहे, खिडकीच्या उजेडात, छताला तारांनी टांगलेली. सहा हात लांब, हातोड्यासारखं आडवं डोकं, त्या हातोड्याच्या दोन टोकांना दोन काचेचे डोळे. कानमुशी म्हणतात तिला. पोटात काथ्या भरलाय, पण थाट बघा.

मी जन्मले तिथे ऊन कधी पोचलं नाही. वर बघावं तर जेमतेम निळसर धूसर, खाली नुसता काळोख. आईनं अंडी घातली नाहीत, आम्हाला जिवंत जन्म दिला, आणि पाठवतानाच पोटाशी दिवे देऊन पाठवलं. हो, दिवे. माझ्या पोटाच्या कातडीत बारीक ठिपके आहेत, त्यांतून निळा उजेड पडायचा. मिरवायला नव्हे हं. खालून कुणी मोठा मासा वर बघू लागला, तर त्या धूसर उजेडात माझी काळी सावली त्याला दिसायची. पोट उजळलं की सावली पुसली जायची. लपण्यासाठी दिवा लावणारी जात आमची.

आणखीही बरंच होतं माझ्यापाशी. अंधारातलं टिपायला मोठे हिरवे डोळे. इतर माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, ती आम्हाला नाही; पण यकृत एवढं थोरलं आणि तेलानं भरलेलं की त्या तेलावरच आम्ही तोलून राहतो. पाठीवर दोन पर, प्रत्येक परापुढे एक टोकदार काटा. कुणी गिळायला बघितलं तर टाळ्यात रुतायचा. मात्र पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, पुष्कळ मुशींना एक छोटा पर असतो, तो आम्हाला नाही. आईला नव्हता, आजीला नव्हता, कुणाचं काही अडलं नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या न-असलेल्या परापायी झालाय.

मी पोटुशी होते तेव्हा एक पाहणीचं जहाज मलबारच्या किनाऱ्यापासून लांब आलं आणि त्याचं जाळं आमच्या खोलीपर्यंत उतरलं. सहा पिल्लं होती पोटात, दिवस भरत आलेले. वर ओढली गेले तेव्हा पहिल्यांदा ऊन पाहिलं, आणि शेवटचंही. जहाजावरच्या डॉक्टरनं मला बरणीत घातलं, एका चिठ्ठीवर माझं नाव-गाव लिहिलं. ती चिठ्ठी वाटेत भिजून लगदा झाली. मी म्हैसुरात पोचले ती बेनावाची.

इथले कारभारी फत्तेसिंगराव. त्यांचे पणजोबा घोडदळाबरोबर या मुलखात आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी, आणि संतापले की तिन्ही एकदम. माणूस वाईट नव्हे. मी जे काही मराठी बोलतेय ते त्यांचंच ऐकून. पण वंशावळीचं भारी वेड. स्वतःच्या घराण्याची सात पिढ्यांची नावं तोंडपाठ, आणि तसाच एक वृक्ष त्यांनी मोठ्या पुठ्ठ्यावर मुशींचा काढला. सर्वांत वर कल्ल्यांच्या सहा फटी असलेली एक मुशी, कारण तिचं घराणं फार जुनं असं त्यांनी वाचलं होतं. तिच्याखाली कानमुशी. आणि कानमुशीच्या खाली, एक बारीक रेघ ओढून, मी.

बरणीवर चिठ्ठी चिकटवली: ‘कानमुशीचं पिल्लू.’

‘राव, हिचं डोकं तर हातोड्यासारखं नाही,’ कुणी विचारलं.

‘रुंदावतं नंतर,’ फत्तेसिंगराव म्हणाले. ‘मिसरूड काय जन्मतः येतं का?’

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी पुरती वाढलेली बाई. माझ्या पोटात सहा लेकरं. आणि मला त्या काथ्याच्या पोत्याची लेक ठरवून मोकळे झाले. कानमुशीची पोरं पोटातूनच हातोडा घेऊन येतात, हे तिला तरी माहीत असणार. पण ती कशाला बोलते? आयती लेक मिळाली की.

येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याखाली थांबायचा. ‘अबब, केवढी!’ मग मान वळवून माझ्याकडे, तेही ‘हिचं पोर बघ’ म्हणून. दिवेवाली मी, पण स्पिरिटात दिवा कसला लागतोय? तिचे डोळे मदुराईच्या बाहुल्यांचे, विकत आणलेले, तरी लोक म्हणत, ‘बघते कशी!’ माझे खरे डोळे पांढरे पडले, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि खंडेनवमी! त्या दिवशीचं तर विचारूच नका. फत्तेसिंगराव घरच्या तलवारीची पूजा आटोपून संग्रहालयात यायचे आणि इथल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या पाटावर मांडून पुजायचे. शेवटी शिडीवर चढून कानमुशीच्या हातोड्याला हळद-कुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. तिचं डोकं म्हणे हत्यार! अहो, ते हत्यार नव्हे, वाळूत दडलेल्या माशांचा माग काढायचं साधन आहे. खरी हत्यारं माझ्या पाठीवर होती, दोन, आईनं दिलेली. त्यांना कधी कुंकवाचं बोट लागलं नाही.

मग विलायतेत लढाई पेटली. स्पिरिट आधी दवाखान्यांना, उरलं तर आम्हाला. बरण्या वर्षागणिक रित्या होत चालल्या. माझ्या नाकाच्या टोकावरून स्पिरिट उतरलं, मग कातडी मऊ पडू लागली. हुकूम आला की मद्रासहून एक प्रोफेसर येतील, कुठल्या बरण्या राखायच्या ते तपासतील, बाकीच्या टाकून द्यायच्या. कानमुशीला काय त्याचं? ती वाळवलेली, तिला स्पिरिट लागत नाही. मी मात्र दिवस मोजू लागले. मला टाकलं तर मी एकटी जाणार नव्हते.

त्याच वर्षी दसऱ्याच्या तोंडावर कानमुशीचं पोट उसवलं. टाके तुटले आणि काथ्या लोंबू लागला. खोटं नाही बोलत, मला इतका आनंद झाला! वाटलं, आता उतरवतील हिला. पण फत्तेसिंगरावांनी सुमित्राबाईंना बोलावलं.

सुमित्राबाई शिंप्याच्या घरातल्या. दर एकादशीला विठोबाच्या भजनाला जाणाऱ्या, आणि हाताला अशा पक्क्या की हत्तींच्या झुली शिवत. जाड मखमल, त्याखाली गोणपाट, त्यावर जर. म्हणून त्यांना बोलावलं. शिडीखाली उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं.

‘अय्यो, नोडी, बघा राव! एवढी थोराड बाई आणि पोट असं उघडं? दसऱ्याला लोक काय म्हणतील?’

‘म्हणून तर तुम्हाला तसदी दिली. स्वल्प लवकर करा. उद्यापासून गर्दी आहे.’

कानमुशीला खाली उतरवलं. बाईंनी तिची कातडी ओल्या फडक्यानं भिजवली, दाभण घेतलं, मेणलावला दोरा घेतला. कातडी खरखरीत, दोन दाभणं मोडली. वाळून कुरतडलेले काठ कातरून सरळ केले तेव्हा एक तिकोनी तुकडा उरला. टाके असे घातले की दिसू नयेत. मग तो तुकडा तळहातावर घेऊन त्या तशाच बसल्या.

‘काय झालं?’ फत्तेसिंगरावांनी विचारलं.

‘आमच्या घरची एक चाल आहे, राव. गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा उरला तर ठेवून घ्यायचा नाही आणि केरातही टाकायचा नाही. आईच्या लुगड्यातलं उरलं तर तिच्या लेकराच्या अंगाला लागलं पाहिजे. कुंचीला म्हणा, झबल्याला म्हणा. हिला लेकरू आहे का?’

फत्तेसिंगरावांनी मोठ्या कौतुकानं माझ्याकडे बोट केलं. पुठ्ठ्यावरची रेघसुद्धा दाखवली.

बाईंनी माझी बरणी उजेडात नेली, एकदा मला, एकदा कानमुशीला निरखलं. शिंपीणच ती, एक बाही कमी असली तर दहा हातांवरून कळायचं.

‘आईला इथं खाली पर आहे, हिला नाही. गळून पडलेला दिसतो.’

‘हौदु की, खरंच!’ फत्तेसिंगराव म्हणाले. ‘बरणीत मोडला असेल. माझ्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नाही.’

झालं. मला परातीत काढलं, त्या तुकड्याचा बेतशीर छोटा पर कातरला, आणि काळ्या रेशमानं माझ्या पोटाखाली शिवला. शिवताना बाई पुटपुटत होत्या, ‘झालं हं बाळ, झालं.’ बाळ! सहा लेकरांची आई मी, आणि अंगावर सवतीचं ठिगळ.

आता जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते, पण सांगते. तो पर मला आवडला. दसऱ्याच्या गर्दीत माणसं पहिल्यांदा माझ्यापुढे थांबली. ‘बघ, अगदी आईसारखा पर!’ म्हणाली. दहा दिवस मी त्या कौतुकात न्हाऊन निघाले. जे तिच्याकडे होतं ते आता माझ्याकडे आलं, एवढंच मला दिसत होतं. पोटातल्या सहांची आठवणसुद्धा झाली नाही हो. मत्सर असा असतो. शेजारणीचं मिळालं की आपलं काय होतं ते आठवत नाही.

दिवाळी झाली आणि मद्रासचे प्रोफेसर आले. वासुदेवराव नाव, मूळ तंजावरकडचे मराठी. उंच, किडकिडीत, बोलणं तुटक. हातात लाल खडू. राखायच्या बरणीला खडू लावत नसत, टाकायच्या बरणीवर फुली मारत. माझ्याआधीच्या फळीवर नऊ फुल्या झाल्या.

माझी बरणी त्यांनी उचलली, खिडकीशी नेली. पाठीवरचे काटे पाहून त्यांचे डोळे चमकले. ‘अरे! ही तर...’ म्हणाले आणि बरणी फिरवली. मग चेहरा पडला.

‘फत्तेसिंगराव, हे काय सोंग आहे? काटे एका घराण्याचे, पर दुसऱ्या घराण्याचा. हा तर दोऱ्यानं शिवलाय! दोन जनावरं जोडून तुम्ही एक केलंत?’

‘नाही साहेब, तुटला होता, तो बसवला...’

‘ज्याच्यात माणसानं हात घातला ते माझ्या काय कामाचं? उद्या म्हणाल काटेही तुम्हीच बसवले. मला सांगता येईल का, नाही म्हणून? असल्याला घालायला स्पिरिट नाही.’

आणि त्यांनी माझ्या बरणीवर लाल फुली मारली.

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा तो पर. दिला दुसरीच्या अंगचा, घेतला मी, आणि त्याची भरपाई माझी पोरं करणार होती. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की कानमुशीवर जळण्यात मी किती वर्षं घालवली. अर्थात, तिचा राग आला नाही असं नाही. ती बघत होती, काचेच्या डोळ्यांनी, पोट छान शिवलेली.

फत्तेसिंगरावांनी त्याच दुपारी सुमित्राबाईंना निरोप धाडला. रागावण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी. बाई आल्या त्या ताडताड थेट वासुदेवरावांसमोर.

‘चूक माझी आहे. कुणाचं काय ते न विचारता मी टाका घातला. टाकायचं तर टाका, मी कोण अडवणार? पण आधी मला तेवढं उसवू द्या. परक्याचं कापड अंगावर घेऊन कुणी जाऊ नये, जनावरानंही.’

वासुदेवराव कॉफी पीत होते. ‘उसवा,’ म्हणाले. ‘त्यानं काही फरक पडत नाही.’

पुन्हा परात. बाईंनी बारीक कात्रीनं एकेक टाका कापला. रेशीम कातडीत रुतलं होतं, आणि कातडी स्पिरिट उतरल्यामुळे खिरीसारखी मऊ झालेली. शेवटचा टाका ओढला तशी ती पोटाकडे टरकत गेली. बाई घाबरल्या. दोन बोटांनी कड धरून मिटवायला गेल्या आणि थबकल्या.

‘राव,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘ही पोर नव्हे. ही भरल्या पोटाची आहे.’

फत्तेसिंगराव धावले. वासुदेवरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला, तो बशीत नीट बसलाही नाही. चिमट्यानं त्यांनी एक पिल्लू उचललं, तळहातावर घेतलं, भिंग लावलं. बोटाएवढं. मग दुसरं. मग सहाही ओळीनं मांडली. माझी लेकरं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

‘प्रत्येकाच्या पाठीवर दोन काटे,’ वासुदेवराव म्हणत होते, ‘आणि खालचा पर एकालाही नाही. पोटावर ठिपके बघा, दिव्यांच्या जागा. जन्माआधीच तयार! फत्तेसिंगराव, हे काही तुम्ही शिवलेलं नाही.’

‘म्हणजे हिचा पर गळला नव्हता?’ बाईंनी विचारलं.

‘हिच्या घराण्यात तो नाहीच, बाई. ही खोल पाण्यातली मंडळी. कानमुशीची आणि हिची वाटणी इतकी जुनी, की तेव्हा माणूस नावाचा प्राणी नव्हता. लेक कसली, हिला तिची भाची म्हणणंसुद्धा भारी पडेल.’

फत्तेसिंगराव पुठ्ठ्याकडे बघत राहिले. ‘आमचे काही भाऊबंद तुमच्या तंजावरकडे गेले, काही इथे आले. कुणी कुणाचा मुलगा नव्हे. तसंच ना?’

‘अगदी तसंच. आणि तुमच्या झाडात तुम्ही उंचीनं लहान त्याला मुलगा केलंत.’

फत्तेसिंगराव ओशाळून हसले. सुमित्राबाईंनी पदरानं माझ्या बरणीवरची फुली पुसली. कुणी सांगितलं नव्हतं, पण वासुदेवरावांनी अडवलं नाही.

मला नवं स्पिरिट मिळालं, काठोकाठ. पोटाला सुमित्राबाईंनी स्वतः दोन टाके घातले, या वेळी विचारून. पुठ्ठ्यावर माझी स्वतंत्र फांदी निघाली, कानमुशीच्या बरोबरीनं, तिच्याखाली नव्हे. चिठ्ठीवर माझं खरं नाव आलं, इंग्रजीत आणि मराठीत. पुढच्या खंडेनवमीला फत्तेसिंगरावांनी माझ्या बरणीच्या झाकणालाही कुंकू लावलं. तुम्ही म्हणाल, मग आता तक्रार कसली?

सांगते. माझी सहा पिल्लं वेगळ्या लहान बाटलीत ठेवली. नाजूक जिन्नस, लोकांना नीट दिसावा म्हणून त्या बाटलीला उजेडाची जागा हवी. माझ्या फळीवर उजेड नाही. उजेड खिडकीपाशी. आणि खिडकीपाशी कोण टांगलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या बरोब्बर पोटाखाली एक उंच तिवई आहे, तिच्यावर ती बाटली ठेवलीय.

बाटलीवर चिठ्ठी आहे, सगळं खरं लिहिलेलं. पण चिठ्ठी वाचतो कोण? बायका कडेवरचं मूल वर उचलतात आणि म्हणतात, ‘ती बघ आई, आणि ही तिची पिल्लं.’ रोज. दसऱ्याला तर दिवसातून दोनशे वेळा. ज्यांच्या पोटाशी मी दिवे लावून दिले त्यांना म्हणे उजेडासाठी तिच्या छायेत ठेवलंय! सुमित्राबाई दर वर्षी टाके तपासायला येतात, त्या एकदा म्हणाल्याही, ‘राव, ही बाटली तिकडे ठेवा की.’ फत्तेसिंगराव म्हणाले, ‘तिथं कुणाला दिसणार, बाई?’ विषय संपला.

माझी जळजळ कमी झाली असं समजू नका. उलट आता तिला कारण आहे. पर नको मला तिचा, माळ नको, काचेचे डोळे नकोत. तिच्याकडे आता जे आहे ते माझंच आहे.

म्हणून तुम्हाला विनवते. कधी म्हैसूरला आलात तर या बंगल्यात या. तिवई माझ्या फळीपासून दहा पावलांवर आहे, बाटली एका हातात मावते. कारभारी जेवायला गेले की उचला आणि माझ्या शेजारी आणून ठेवा. हे जमणार नसेल, भीती वाटत असेल, तर राहू द्या. पण मग एवढं तरी करा. कानमुशीखाली उभं राहून ‘आई’ म्हणू नका. मला इथे ऐकू येतं.